वाकूनही अलिप्त: रॉकेट मोटरच्या फिरत्या चाचणी-स्टँडचं रसग्रहण

सी6 ही मॉडेल रॉकेटची मोटर 1.86 सेकंद जळते. तेवढ्या वेळात तिनं क्षणोक्षणी किती रेटा दिला, याचा आलेख काढला तर डावीकडे एक अणकुचीदार सुळका दिसतो आणि त्याच्या पायथ्यापासून उजवीकडे लांब पठार. पठार संपतं तिथं रेषा सरळ शून्यावर कोसळते. मॉडेल रॉकेटच्या छंदातल्या माणसांना हा आलेख तोंडपाठ असतो. तो ज्या साधनावर उमटतो, त्याच्याकडे मात्र रसिकाच्या नजरेनं फारसं कुणी पाहत नाही.

साधन दिसायला साधं आहे. एक जड बैठक, तिच्यावर एका टोकाला घट्ट बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी, पट्टीच्या मोकळ्या टोकावर मोटर धरणारी नळी, चार बारीक तारा, एक बॅटरी. गाडीच्या डिकीत मावावं आणि मैदानावर थोड्या वेळात उभं राहावं, एवढीच त्याच्याकडून वरवरची अपेक्षा. पण त्याच्या रचनेत एक पेच आहे आणि सगळं सौंदर्य त्या पेचाच्या सोडवणुकीत आहे. बळ मोजायचं तर साधनाला त्या बळापुढे थोडं वाकावंच लागतं. अजिबात न वाकणारी वस्तू काही सांगू शकत नाही. आणि वाकलं, की साधनाचा स्वतःचा स्वभाव मापात मिसळायला लागतो. जमिनीत काँक्रीट ओतून उभारलेल्या कायमच्या स्टँडला या पेचातून वजनाच्या जोरावर सुटता येतं. उचलून नेण्याच्या स्टँडला ती सोय नाही. त्याला अकलेवरच भागवावं लागतं.

आधी ज्याची परीक्षा घ्यायची त्या मोटरकडे पाहू. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्विल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा छंद होता. 1954 मध्ये त्यांनी मोटर बदलता येईल असं कागदी रॉकेट तयार केलं. 1957 मध्ये ते जी. हॅरी स्टाइन यांच्यापर्यंत पोचलं. स्टाइन व्हाइट सँड्सच्या चाचणी क्षेत्रावर काम करत होते आणि घरगुती दारू ठासून हात गमावणाऱ्या मुलांविषयी त्यांना काळजी होती. कारखान्यात बनलेली, खात्रीची, एकदाच वापरायची मोटर हे त्यावरचं उत्तर त्यांना दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतली मॉडेल रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे व्हर्न एस्टेस यांनी मोटरी ठासणारं यंत्र बांधलं, त्याचं नाव ठेवलं मेबल, आणि 1958 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीनं मोटर ही दुकानात मिळणारी वस्तू करून टाकली.

दुकानातल्या मोटरवर एक छोटी ओळ छापलेली असते: सी6-5. पहिलं अक्षर एकूण आवेगाचा वर्ग सांगतं. सी म्हणजे 5.01 ते 10 न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. मधला 6 हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा 5 म्हणजे जळणं संपल्यावर पॅराशूट फेकणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. ही ओळ म्हणजे कारखान्यानं ग्राहकाला दिलेला शब्द आहे, आणि तो पाळला गेला की नाही हे स्टँड सांगतो. मोजून पाहिल्यावर आवेग सुमारे 8.8 न्यूटन-सेकंद भरतो. त्याला 1.86 नं भागलं तर सरासरी येते जेमतेम 4.7. छापील 6 हा आकडा ठोकळ मानानं दिलेला आहे. छपाई वाचणारा आणि आलेख वाचणारा यांत असा सव्वा न्यूटनचा फरक पडतो.

आता आलेख सावकाश वाचू. ठिणगी पडल्यावर रेटा चढत जातो आणि सुमारे 0.19 सेकंदाला 14 न्यूटनच्या शिखरावर पोचतो. पुढच्या अवघ्या पाच-सहा शतांश सेकंदांत तो 6 वर उतरतो. अर्ध्या सेकंदापाशी साडेचारच्या आसपास स्थिरावतो आणि शेवटपर्यंत तिथंच थोडाफार खालीवर होत राहतो. याचं कारण मोटरच्या पोटात आहे. तिच्यात सुमारे 11 ग्रॅम बंदुकीची दारू घट्ट ठासलेली असते आणि ती उदबत्तीसारखी एका टोकाकडून जळत जाते. जळणारा पृष्ठभाग तेवढाच राहतो, म्हणून रेटाही तेवढाच. हे झालं पठार. पण नॉझलच्या बाजूनं दारूत एक छोटी पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. सुरुवातीला तिच्या भिंतीही पेट घेतात, जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि सुळका उभा राहतो. पोकळी जळून रुंदावली की तो ओसरतो.

हा सुळका हौसेखातर नाही. रॉकेट सुरुवातीला एका उभ्या सळईच्या आधारानं सरकतं. सळई सुटल्यावर त्याला सरळ ठेवायचं काम पंखांचं, आणि पंखांना वाऱ्याचा वेग लागतो. वरच्या आलेखाच्या पहिल्या पाव सेकंदाचं क्षेत्रफळ काढलं तर सुमारे 1.7 न्यूटन-सेकंद भरतं. 100 ग्रॅमच्या रॉकेटला, हवेचा अडथळा सोडला तर, तेवढ्यात सेकंदाला चौदा-पंधरा मीटर वेग मिळतो. नुसतं पठारच असतं तर त्याच वेळात आठ-नऊ मीटरवर थांबावं लागलं असतं. मोटरच्या आयुष्याच्या सातव्या-आठव्या हिश्शात तिच्या कर्तृत्वाचा पाचवा हिस्सा उरकलेला असतो. म्हणून स्टँडची खरी परीक्षा याच पाव सेकंदात आहे. पठार कुणालाही मोजता येतं.

इथंच पहिली गफलत होते. हौशी स्टँडवर पट्टीचा अतिसूक्ष्म विद्युत संकेत वाचायला एचएक्स711 नावाची स्वस्त चिप सर्रास वापरतात. ती मुळात वजनकाट्यांसाठी बनलेली आहे. नुसती जोडली तर ती बहुधा सेकंदाला 10 नोंदी देते, एक पिन बदलली तर 80. दहा नोंदींवर मोटर तपासली आणि नोंदी 0.05, 0.15, 0.25 सेकंदांना पडल्या, तर 0.15 ला रेटा अकराच्या आत आणि 0.25 ला सहावर. चौदाचं शिखर दोन नोंदींच्या मधून निसटलं. आलेख गुळगुळीत आणि देखणा येईल, आणि खोटा असेल. ऐंशीवर नोंदींमधलं अंतर 12.5 मिलिसेकंदांवर येतं. तरीही चिपच्या आतली गाळणी नवं मूल्य स्थिरावायला 50 मिलिसेकंद घेते, त्यामुळे सुळक्याचं टोक थोडं बोथट होतंच. काट्याच्या दृष्टीनं हा गुण आहे: भाजीची जुडी ठेवताना हललेला आकडा कुणाला नको असतो. ज्याला टोकच हवंय त्यानं चांगला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन सेकंदाला हजार नोंदी करणारी जोडणी करावी. खर्च वाढतो, पण सुळका सुळक्यासारखा दिसतो.

पट्टी ही या रचनेतली सर्वांत सुंदर वस्तू. तिला लोड सेल म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी कांडीत मधोमध दोन भोकं जोडून पाडलेली असतात. त्यामुळे वर-खाली चार जागी धातू पातळ राहतो आणि कांडी वाकायची ती तिथंच वाकते. टोक झुकतं, पण तिरपं होत नाही. समांतर राहून खाली सरकतं. याचा मोठा फायदा म्हणजे मोटर टोकावर दोन-चार मिलिमीटर पुढेमागे बसली तरी मापात फारसा फरक पडत नाही. मैदानावर घाईत जोडलेल्या स्टँडला ही क्षमाशीलता फार मोलाची.

त्या चार पातळ जागांवर चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. ताणल्यावर त्यांचा विद्युत रोध वाढतो, दाबल्यावर घटतो. दोन ताणले जातात, दोन दाबले जातात, आणि चौघांची जोडणी व्हीटस्टन ब्रिजमध्ये केलेली असते. ही जोडणी सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये लोकप्रिय केली. चिकटवता येणारा स्ट्रेन गेज मात्र 1938 चा. कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीमध्ये आर्थर रूज यांनी तो एकमेकांना न सांगता शोधला. ब्रिजची खुबी अशी, की चारही गेज सारखेच तापले तर चौघांचे बदल एकमेकांना खोडून टाकतात आणि फक्त वाकण्याचा संकेत शिल्लक राहतो.

हा संकेत किती नाजूक असतो? पाच किलो क्षमतेची साधी पट्टी पाच व्होल्टवर चालवली, तर पूर्ण भाराला साधारण पाच मिलिव्होल्ट देते. सी6 चं शिखर म्हणजे सुमारे 1.4 किलोचा भार. त्याचे दीड मिलिव्होल्टही होत नाहीत. पठाराला तर अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा कमी. मग एक किलोची पट्टी का घेऊ नये? कारण शिखराला ती कायमची वाकण्याचा धोका आहे. पन्नास किलोची घ्यावी, तर ती मोटरकडे लक्षच देणार नाही. पाच किलोची निवड म्हणजे दोन भीतींच्या मधली समजूतदार जागा. तारा आखूड ठेवणं, त्यांना पीळ घालणं, बॅटरी वापरणं, हे सगळं त्या अर्ध्या मिलिव्होल्टला जपण्यासाठी.

आता मोटर कशी बसवायची? आडवी ठेवली तर तिचं वजन मापात येत नाही, पण तिला सरकायला गाडा लागतो, आणि गाडा म्हटला की घर्षण आलं. शिवाय रेटा आडवा असल्यानं बैठक जमिनीला खुंट्यांनी जखडावी लागते. नॉझल खाली ठेवून उभी केली तर ज्वाळा बैठकीवर येतात. राहिला तिसरा मार्ग: नॉझल आकाशाकडे. ज्वाळा वर जातात, रेटा खाली पट्टीवर येतो, पट्टी तो बैठकीला देते आणि बैठक जमिनीला. मोटर जितका जोर करेल तितका स्टँड जमिनीत घट्ट रुतेल. म्हणजे उचलून नेता येण्याचा प्रश्न आणि पक्कं उभं राहण्याचा प्रश्न, दोन्ही एकाच निर्णयानं सुटले. काँक्रीटचं काम इथं पृथ्वी करते. मला या रचनेतला हा सर्वांत बुद्धिमान निर्णय वाटतो.

त्याची किंमत मोजावी लागते, पण ती हिशेबात बसणारी आहे. जळताना दारूचं वजन कमी होत जातं. सुरुवातीला शून्य धरलं असेल तर शेवटी 10.8 ग्रॅम, म्हणजे सुमारे 0.11 न्यूटन कमी दिसतात. पठारावर हा फरक अडीच टक्क्यांच्या आसपास. सुधारला नाही तर एकूण आवेग साधारण 0.1 न्यूटन-सेकंदानं कमी भरतो. प्रामाणिक आलेखाचं शेपूट म्हणून शून्याच्या किंचित खाली राहतं. ते बरोबर शून्यावर आणून ठेवलेलं दिसलं, तर ते कुणीतरी नंतर सजवलं आहे असं समजावं.

दुसरी किंमत म्हणजे पुढचं तोंड. नॉझल वर असली की पॅराशूट फेकणाऱ्या बाराचं तोंड खाली, थेट पट्टीकडे येतं. सी6-0 या प्रकारात विलंब आणि बार नसतात, पण दारू संपताक्षणी ज्वाळा तिथूनच बाहेर फुटतात. म्हणून नळी पट्टीवर सरळ न टेकवता एका खुल्या कमानीवर उभी करतात, म्हणजे गरम वायूंना बाजूनं वाट मिळते, आणि मोटर उसळू नये म्हणून तिला वरून पकड देतात. पट्टीवर पत्र्याची ढाल असावी. नाहीतर ती एका अंगानं तापते, चारही गेज सारखे तापल्याशिवाय ब्रिजची खुबी चालत नाही, आणि शून्य हळूहळू घसरू लागतं.

या फिरत्या स्टँडला चांगली वंशावळ आहे. 31 ऑक्टोबर 1936 रोजी फ्रँक मलिना, जॅक पार्सन्स, एड फोर्मन आणि त्यांचे सोबती पासाडेनाजवळच्या अरोयो सेको या कोरड्या ओढ्यात आपलं सामान वाहून घेऊन गेले. मिथाइल अल्कोहोल आणि ऑक्सिजन वायू यांवर चालणारी त्यांची मोटर स्प्रिंगला ताण देई, आणि स्प्रिंग किती ताणली गेली याची नोंद हिऱ्याचं टोक काचेवर ओरखड्यानं करी. त्या दिवशी ऑक्सिजनची नळी सुटून पेटली आणि वळवळू लागली. सगळ्यांनी पळ काढला. जानेवारी 1937 मध्ये मात्र मोटर 44 सेकंद चालली. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आपली सुरुवात त्या ओढ्यातल्या दिवसापासून मोजते. हिरा आणि काच जाऊन आज स्ट्रेन गेज आणि चिप आली आहेत, पण वाकणं मोजून बळ सांगण्याची युक्ती तीच आहे. आपल्या श्रीहरिकोट्यात 24 जानेवारी 2010 रोजी एस200 या 200 टन इंधनाच्या मोटरची स्थिर चाचणी झाली. ती 130 सेकंद जळली आणि तिचा कमाल रेटा सुमारे 500 टन होता, म्हणजे सी6 च्या साडेतीन लाख पट. तिथंही भार किती नेमका मोजला आणि स्टँडनं त्यात काय मिसळलं, हे प्रश्न टळत नाहीत.

मूळ पेचाकडे येऊ. वाकणारी पट्टी आणि तिच्यावरचं वजन मिळून एक स्प्रिंग होते आणि प्रत्येक स्प्रिंगला आपली लय असते. ती काढायची रीत सुटसुटीत आहे: मोटर आणि धारकाच्या नुसत्या वजनानं पट्टी किती झुकते तेवढं पाहायचं. 0.1 मिलिमीटर झुकली तर ती सेकंदाला सुमारे 50 कंपनं करेल. 0.01 मिलिमीटर झुकली तर दीडशेच्या वर. म्हणजे धारक जितका हलका आणि पट्टी जितकी ताठ, तितकी स्टँडची लय मोटरच्या घडामोडींपासून दूर सरकते. पण पट्टी ताठ केली की संकेत बारीक होतो. पुन्हा तोच पेच, आणि त्यावर मधला मार्ग.

म्हणून जाणकारानं आलेख उजवीकडून वाचावा. पठाराच्या शेवटी सी6 चा रेटा साडेचारावरून शून्यावर यायला 0.04 सेकंद लागतात. मोटरच्या बाजूनं त्यानंतर सांगण्यासारखं काही उरत नाही. तरीही रेषा थरथरत असेल, तर ती थरथर स्टँडची आहे. तीच थरथर सुळक्यातही मिसळलेली असणार, फक्त तिथं ती रेट्याच्या आड लपते. वेगवान नोंदी असलेल्या स्टँडवर ती उघड दिसते. मंद चिपवर गाळणी तिला झाकते. झाकलेली थरथर म्हणजे नसलेली थरथर नव्हे.

कॅलिब्रेशन हा या कलेतला रियाज. मैदानावर प्रत्येक वेळी पट्टीवर अर्धा, एक आणि दोन किलोची प्रमाणित वजनं ठेवायची, चढत्या क्रमानं आणि मग उतरत्या. दोन्ही वेळचे आकडे जुळले पाहिजेत. बैठक पाणसळीनं सपाट करायची. किलोचं न्यूटन करताना मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्वत्वरण सुमारे 9.786 धरावं, शाळेतलं 9.81 धरलं तर पाव टक्का चूक. पुण्या-मुंबईत काम करणाऱ्यानं हे जाणावं आणि त्यावर झोप उडवू नये. पाव टक्क्याची काळजी करायची आणि दहा नोंदींवर शिखर हरवायचं, याला तारतम्य म्हणत नाहीत.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते फक्त एका दिशेचं बळ मोजतं. नॉझल वाकडी असेल तर बाजूचा रेटा त्याला कळत नाही. मोटरच्या आतला दाब ते सांगत नाही. आणि एका मोटरवरून तिच्या साऱ्या भावंडांचा स्वभाव ठरत नाही. म्हणून प्रमाणीकरणाच्या चाचण्यांत अनेक नमुने जाळून सरासरी आणि त्याभोवतीचा फैलाव दोन्ही देतात. मोटरी विकतच्याच असाव्यात, घरी दारू ठासू नये. पेटवणं विजेनं, आणि डी वर्गापर्यंतच्या मोटरींसाठी अमेरिकेतल्या नियमावलीनं उड्डाणाला सांगितलेलं 15 फुटांचं अंतर चाचणीलाही किमान समजावं. भारतात बंदुकीच्या दारूवर विस्फोटक कायदा आणि 2008 च्या नियमांचा अंमल आहे आणि तो पाहणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. मोटर मागवण्याआधी तिथले नियम वाचावेत.

माझा निवाडा असा: फिरत्या स्टँडचं मोठेपण त्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये कमी आणि त्याच्या निवडींमध्ये जास्त आहे. आकाशाकडे तोंड केलेली नॉझल, मध्यम ताठ पट्टी, हलका धारक, खुली कमान आणि पुरेशा वेगानं घेतलेल्या नोंदी, एवढ्या पाच गोष्टी जमल्या तर काही किलोंची वस्तू मैदानावर उभी राहून खात्रीचं माप देते. कॉलेजच्या प्रदर्शनात किंवा एखाद्या हौशी गटाकडे असा स्टँड दिसला, तर आलेखाचं कौतुक करण्याआधी तीन गोष्टी विचारा: सेकंदाला नोंदी किती, कॅलिब्रेशन कधी आणि कोणत्या वजनांनी केलं, आणि मोटर विझल्यावरचं शेपूट जसंच्या तसं दाखवाल का. तिन्हींची उत्तरं न अडखळता मिळाली, तर त्या आलेखावर विश्वास ठेवायला हरकत नाही.